जुन्या आउटबोर्ड मोटरीची ठिणगी अडते कुठे? इग्निशन वायरिंगमधील दोष शोधण्याची पद्धत

पावसाळ्यातील मासेमारीबंदी संपून नारळी पौर्णिमेनंतर लहान होड्या पुन्हा पाण्यात उतरू लागल्या, की कोकणच्या खाड्यांमध्ये ‘मशीनला करंट येत नाही’ ही तक्रार हमखास ऐकू येते. पडवीत किंवा ताडपत्रीखाली उभ्या राहिलेल्या आउटबोर्ड मोटरीत, म्हणजे होडीच्या मागच्या कडेला लावायच्या इंजिनात, दमट खारी हवा शिरलेली असते, तांब्याच्या जोडांवर हिरवा कळंक चढलेला असतो आणि एखाद्या वायरीवर उंदरांनी दातही चालवलेले असतात. दोरी ओढून ओढून खांदा भरून आला, की बहुतेक जण एकाच निष्कर्षाला येतात : सीडीआय गेला. सीडीआय, म्हणजे ठिणगीची वीज साठवून योग्य क्षणी सोडणारा इलेक्ट्रॉनिक डबा, हा या साखळीतला महागडा भाग आहे, आणि विजेचे सुटे भाग एकदा विकले की दुकानदार ते सहसा परत घेत नाहीत. प्रत्यक्षात तो निकामी झालेला असण्यापेक्षा मोटर बंद करणारी वायर, अर्थिंग (इंजिनच्या धातूतून जाणारा विजेचा परतीचा मार्ग), गंजलेले जोड आणि फ्लायव्हीलखालच्या (इंजिनच्या माथ्यावरच्या जड चाकाखालच्या) जुनाट वायरी यांतच दोष सापडण्याची शक्यता पुष्कळ अधिक असते. म्हणून येथे सांगितलेल्या क्रमात सीडीआयचा विचार सर्वांत शेवटी येतो.

हे विवेचन मुख्यतः दोन सिलिंडरच्या, टू-स्ट्रोक, दोरीने सुरू होणाऱ्या आणि इग्निशनसाठी बॅटरीवर अवलंबून नसलेल्या मोटरींसाठी आहे. यामाहा, सुझुकी, जॉन्सन, इव्हिनरूड अशा नावांच्या जुन्या लहान मोटरी बहुतांशी याच प्रकारात मोडतात. जॉन्सन आणि इव्हिनरूड बनवणारी मूळ कंपनी २००० च्या अखेरीस दिवाळखोरीत गेली आणि पुढे इव्हिनरूडचे उत्पादनही २०२० मध्ये थांबले. त्यामुळे अशा मोटरीचे सर्व्हिस मॅन्युअल जुन्या बाजारात किंवा ओळखीच्या मिस्त्रीकडे मिळाले, तर ते आधी मिळवावे. पुढे दिलेले आकडे दिशा दाखवण्यापुरते आहेत. अंतिम आकडा आपल्या मॉडेलच्या मॅन्युअलमधलाच धरावा.

मोटर कोणत्या जातीची आहे

जुन्या मोटरींत इग्निशनच्या दोन पद्धती आढळतात. पहिली पॉइंट (उघडझाप करणारे संपर्क) आणि कंडेन्सर (पॉइंटवरची ठिणगी शमवणारा छोटा कपॅसिटर) असलेल्या मॅग्नेटोची, म्हणजे फिरत्या चुंबकांपासून वीज बनवणाऱ्या यंत्रणेची, आणि दुसरी सीडीआयची. लहान मोटरींमध्ये १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून सीडीआयचा प्रसार झाला, त्यामुळे त्याआधीची मोटर असेल तर फ्लायव्हीलखाली पॉइंट असणार असे धरून चालावे. ओळखण्याची सोपी खूण अशी की, इंजिनच्या बाजूला राळेने भरलेला, अनेक वायरी बाहेर पडणारा छोटा डबा दिसला तर तो सीडीआय. असा डबा कुठेच नसेल आणि फ्लायव्हीलच्या माथ्यावर तपासणीची खिडकी असेल, तर बहुधा आत पॉइंट आहेत.

सीडीआयच्या मोटरीत वीज कशी फिरते हे डोळ्यांसमोर असल्याखेरीज दोष शोधणे म्हणजे निव्वळ चाचपडणे होते. फ्लायव्हीलच्या आतल्या कडेला चुंबक बसवलेले असतात. ते चार्ज कॉइलवरून फिरताना तिच्यात शेकडो व्होल्टचा विद्युतदाब निर्माण होतो आणि तो सीडीआयमधल्या कपॅसिटरमध्ये साठवला जातो. योग्य क्षणी पल्सर कॉइल एक लहानसा इशारा देते. त्यासरशी कपॅसिटरमधली वीज एचटी (हाय टेन्शन, म्हणजे उच्च दाबाच्या) कॉइलच्या प्राथमिक वेटोळ्यात मोकळी होते आणि दुय्यम वेटोळ्यातून हजारो व्होल्ट प्लगकडे जातात. या सगळ्या मार्गाचा परतीचा रस्ता इंजिनच्या धातूतून, म्हणजे अर्थमधून असतो.

यातून निघणारी एक गोष्ट पक्की लक्षात ठेवावी, कारण मोटारगाड्यांची सवय असलेले चांगले मिस्त्रीही येथे फसतात. बॅटरीवर चालणाऱ्या गाडीचे इंजिन बंद करताना किल्ली इग्निशनचा वीजपुरवठा तोडते. आउटबोर्डमध्ये नेमके उलट आहे : तोडायला पुरवठाच नसतो, म्हणून बंद करण्याचे बटण इग्निशनची वायर अर्थला जोडते आणि वीज प्लगकडे जाण्याऐवजी अर्थमध्ये जिरते. अर्थात या वायरीचे आवरण कुठेही सोलवटले आणि ती इंजिनच्या धातूला टेकली, तर कोणीही बटण न दाबता मोटर ‘बंद’ अवस्थेतच राहते. दोष शोधण्याची सुरुवात या वायरीपासून करण्याचे कारण हेच.

हात घालण्यापूर्वी

पेट्रोलची नळी मोटरीपासून काढून दूर ठेवावी, सांडलेले पेट्रोल पुसून घ्यावे आणि झाकण उघडून थोडा वेळ वारा लागू द्यावा. गिअर न्यूट्रलमध्येच हवा. प्लग काढून ठिणगी पाहताना, प्लगच्या उघड्या छिद्रांतून पेट्रोलची वाफ बाहेर फेकली जाते हे विसरू नये. ठिणगी त्या छिद्रांजवळ न पाहता हातभर लांब, इंजिनच्या स्वच्छ धातूला जोडलेल्या टेस्टरमध्ये पाहावी. सीडीआयकडून एचटी कॉइलकडे जाणारी वायरदेखील जबर झटका देऊ शकते, त्यामुळे दोरी ओढली जात असताना कोणत्याही उघड्या जोडाला हात लावू नये. तसेच प्लगची वायर हवेत लोंबकळत ठेवून दोरी ओढू नये, कारण ठिणगीला मार्ग मिळाला नाही की तो ताण एचटी कॉइलच्या आणि सीडीआयच्या आतल्या आवरणावर येतो.

साहित्य फारसे लागत नाही. मल्टिमीटर, अंतर कमीजास्त करता येणारा स्पार्क गॅप टेस्टर, फीलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), प्लगपाना, दोन्ही टोकांना मगरचिमटे असलेल्या दोन-तीन वायरी, बारीक पॉलिश पेपर आणि कॉन्टॅक्ट क्लीनर एवढ्यात नव्वद टक्के काम होते. फ्लायव्हील काढण्याची वेळ आली तर मात्र त्याचा योग्य पुलर (चाक ओढून काढायचे हत्यार) हवाच.

काम सुरू करण्यापूर्वी झाकणाखालच्या वायरिंगचे चारही बाजूंनी मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. जुन्या मोटरीत आधीच्या मालकाने किंवा मिस्त्रीने वायरी बदललेल्या असतात आणि रंगांवर पूर्ण भरवसा ठेवता येत नाही.

ठिणगी खरोखर आहे की नाही

प्लग काढून त्याचा धातू इंजिनला टेकवायचा आणि निळी ठिणगी दिसते का पाहायचे, ही सर्वत्र चालणारी चाचणी अपुरी आहे. उघड्या हवेत प्लगच्या अर्ध्या-पाऊण मिलिमीटरच्या फटीतून उडी मारायला अगदी अशक्त इग्निशनलाही जमते; सिलिंडरमध्ये दाब वाढला की तीच ठिणगी विझते. म्हणून गॅप टेस्टर वापरावा. सीडीआयच्या मोटरीत ठिणगीने साधारण ११ मिलिमीटर आणि पॉइंटच्या मोटरीत साधारण ६ मिलिमीटर अंतर ठामपणे ओलांडले पाहिजे. दोन्ही प्लग काढलेले असले म्हणजे इंजिन हलके फिरते आणि पुरेसा वेग मिळतो. सीडीआयला काम करण्यासाठी ठरावीक किमान वेग लागतो, त्यामुळे दोरी हळू ओढून ‘ठिणगी नाही’ असा निकाल देणे चुकीचे ठरेल.

येथून पुढचा रस्ता निकालावर अवलंबून आहे. दोन्ही सिलिंडरांना ठिणगी नसेल, तर दोष दोघांना सामाईक असलेल्या भागात, म्हणजे स्टॉपच्या (मोटर बंद करणाऱ्या) वायरीत, अर्थिंगमध्ये, चार्ज कॉइलमध्ये किंवा सीडीआयमध्ये असतो. एकाच सिलिंडरला ठिणगी नसेल, तर त्या सिलिंडरचा प्लग, कॅप, एचटी लीड (कॉइलपासून प्लगकडे जाणारी वायर), एचटी कॉइल किंवा पल्सर कॉइल यांच्याकडे वळावे. अशा वेळी दोन एचटी कॉइलींची अदलाबदल करून पाहणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे : दोष कॉइलीबरोबर दुसऱ्या सिलिंडरकडे गेला तर कॉइल खराब, जागच्या जागी राहिला तर कॉइल निर्दोष. मात्र काही लहान मोटरींत एकच एचटी कॉइल दोन्ही प्लगांना एकाच वेळी ठिणगी देते. तेथे एका बाजूची लीड तुटली तरी दोन्ही प्लगांवर परिणाम होतो आणि वरची विभागणी लागू पडत नाही.

दोन्हीकडे भक्कम ठिणगी असूनही इंजिन सुरू होत नसेल, तर वायरिंगमागे लागू नये. कार्बोरेटर आणि कॉम्प्रेशन पाहावे. आणि दोरी उलटी झटका देत असेल, तर फ्लायव्हीलची चावी (चाक शाफ्टवर ठरल्या जागी धरणारा धातूचा लहान तुकडा) कातरली गेली आहे का तेही पाहावे.

स्टॉपची वायर

सर्वप्रथम मनगटाला बांधायच्या सुरक्षा दोरीची (माणूस पडला की मोटर थांबवणाऱ्या) क्लिप जागेवर आहे का हे पाहावे. हे सांगणे पोरकट वाटेल, पण क्लिप नसताना तासभर दोरी ओढलेली माणसे प्रत्येक बंदरावर भेटतात. क्लिप झिजून सैल झाली असेल, तर ती बसलेली दिसूनही आतला स्विच अर्धवट दाबलेला राहतो.

त्यानंतर सीडीआयपाशी किंवा पॉइंटच्या मोटरीत मॅग्नेटोच्या प्लेटपाशी येणारी स्टॉपची वायर शोधावी. यामाहामध्ये ती सहसा पांढरी असते. जॉन्सन-इव्हिनरूडच्या सीडीआय मोटरींत काळ्यावर पिवळी रेघ असलेली. ही वायर तिच्या जोडातून सोडवून, टोक कशाला टेकणार नाही असे ठेवून पुन्हा ठिणगी पाहावी. ठिणगी परत आली, तर इग्निशनचे सगळे महागडे भाग ठीक आहेत आणि दोष बटण, क्लिपचा स्विच, किल्लीचा स्विच किंवा त्यांच्यामधल्या वायरीत आहे, हे एका मिनिटात सिद्ध होते. मात्र ही वायर सोडलेली असताना इंजिन सुरू झाले, तर ते बटणाने बंद होणार नाही. चोक पूर्ण ओढून किंवा पेट्रोलची नळी काढून ते बंद करावे लागेल, याची तयारी आधीच ठेवावी. वायर अशीच तोडून ‘आता चालते ना’ म्हणत समुद्रात जाणारे लोक आहेत. होडीतून माणूस पडला तर मोटर थांबवणारी एकमेव सोय त्या वायरीत असते, त्यामुळे हा प्रकार कोणी सुचवला तरी मान्य करू नये.

वायर सोडलेली असतानाच स्विचच्या बाजूचे टोक आणि अर्थ यांच्यामध्ये ओहम मीटर लावावा. ‘चालू’ स्थितीत मीटरने पूर्ण खंड, म्हणजे अनंत रोध दाखवला पाहिजे आणि बटण दाबले किंवा क्लिप काढली की शून्याजवळ आले पाहिजे. ‘चालू’ स्थितीत काही हजार ओहम दिसत असतील, तर स्विचच्या आत मिठाचे पाणी शिरले आहे असे समजावे; एवढी गळती पॉइंटच्या मोटरीला कदाचित चालून जाते, पण सीडीआयची ठिणगी अशक्त करायला ती पुरते. मीटर लावलेला असताना वायर पूर्ण लांबीभर हलवत, वाकवत जावे. झाकणाच्या कडेखाली, स्टिअरिंगच्या दांड्यात आणि खालच्या आवरणातून वायर बाहेर पडते त्या रबरी बुशपाशी ती हमखास घासलेली सापडते.

किल्लीने सुरू होणाऱ्या मोटरींबाबत एक इशारा आवश्यक आहे. बोटीच्या किल्लीच्या स्विचवर ‘एम’ अक्षराची दोन टर्मिनले असतात आणि किल्ली बंद केली की ती एकमेकांना जोडली जाऊन इग्निशन अर्थ होते. हा स्विच खराब झाल्यावर बाजारातून मोटारगाडीचा स्विच आणून बसवला, तर किल्ली चालू करताच तो स्टॉपच्या वायरीवर बॅटरीचे १२ व्होल्ट सोडतो आणि सीडीआय तत्क्षणी जळू शकतो. नवा सीडीआय बसवला आणि तोही गेला, अशी हकिकत ऐकू आली की पहिली शंका या स्विचवर घ्यावी.

अर्थिंग आणि जोड

सीडीआयच्या डब्याची, एचटी कॉइलींची आणि मॅग्नेटो प्लेटची अर्थ ज्या बोल्टांखाली येते ते सर्व बोल्ट उघडून पाहावेत. वरून चकचकीत दिसणाऱ्या बोल्टाखाली ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी साचलेली असते आणि ती वीज अडवते. कोणी हौसेने इंजिन रंगवले असेल, तर रंगाचा थर टर्मिनल आणि धातू यांच्यामध्ये येऊन बसलेला असतो. जागा पॉलिश पेपरने उघड्या धातूपर्यंत घासावी, दातेरी वॉशर घालून बोल्ट घट्ट करावा आणि त्यानंतरच वरून ग्रीस लावावे. प्रत्येक अर्थपासून इंजिनच्या मुख्य अंगापर्यंत मीटरने जवळजवळ शून्य रोध दाखवला पाहिजे. मीटरच्या स्वतःच्या वायरींचा रोध, जो सहसा दोन-तीन दशांश ओहम असतो, तो वजा करायला विसरू नये.

जोडांच्या बाबतीत डोळ्यांवर विश्वास ठेवू नये. जोड उपसून आतली पिन पाहावी, हिरवी किंवा काळी पडलेली असेल तर साफ करावी, सैल झालेली असेल तर अलगद दाबून घट्ट करावी. वायरीचे टोक जेथे टर्मिनलमध्ये शिरते तेथील आवरण थोडे सोलून तांबे पाहावे. ते लालसर चमकते असेल तर ठीक. काळे पडले असेल तर मिठाचे पाणी आवरणाच्या आतून वर चढलेले आहे, आणि अशी वायर स्वच्छ तांबे लागेपर्यंत मागे कापत जावी लागते. कित्येकदा हातभर कापूनही काळेपणा संपत नाही. तेव्हा डागडुजी न करता ती वायर पूर्ण बदलणे श्रेयस्कर.

फ्लायव्हीलखाली

जुन्या मोटरींमधला सर्वांत चकवणारा दोष येथे दडलेला असतो. कित्येक मॉडेलांत थ्रॉटल फिरवला की कार्बोरेटरबरोबर कॉइली किंवा पॉइंट बसवलेली प्लेटही फिरते, कारण वेगाप्रमाणे ठिणगीची वेळ पुढे आणायची असते. म्हणजे प्लेटमधून बाहेर येणाऱ्या वायरी थ्रॉटलच्या प्रत्येक हालचालीबरोबर वाकतात. वीस-तीस वर्षांत आवरण कडक होते आणि आतले तांबे वाकण्याच्या एकाच जागी तुटते, पण आवरण शाबूत राहिल्यामुळे वायर बाहेरून धडधाकट दिसते. अशी मोटर मंद वेगात नीट चालते, अर्ध्या थ्रॉटलला एकाएकी बंद पडते आणि दोरी ओढताच पुन्हा सुरू होते. माणूस मग महिनोन्‌महिने कार्बोरेटर साफ करत बसतो.

हा दोष पकडण्यासाठी फ्लायव्हील काढावे लागत नाही. इंजिन बंद ठेवून चार्ज कॉइलीच्या दोन वायरी सीडीआयपासून सोडवाव्यात, त्यांना ओहम मीटर लावावा आणि दुसऱ्या माणसाला थ्रॉटल हळूहळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायला सांगावे. आकडा स्थिर राहिला पाहिजे. एखाद्या जागी तो उसळला किंवा नाहीसा झाला, तर दोष सापडला. पल्सर कॉइलवर हीच चाचणी पुन्हा करावी आणि प्रत्येक वायर अर्थला टेकत नाही ना, हेही थ्रॉटल फिरवतच पाहावे. माझ्या मते जुन्या मोटरीवर करण्याजोगी ही सर्वांत उपयुक्त चाचणी आहे, आणि तरीही ती करताना फार थोडे लोक दिसतात.

कॉइलींचा रोध मॉडेलप्रमाणे बदलतो. उदाहरणादाखल, १९७० च्या दशकाच्या अखेरीच्या आणि पुढच्या दशकातल्या दोन सिलिंडरच्या अनेक जॉन्सन-इव्हिनरूड मोटरींत चार्ज कॉइलीचा रोध साधारण पाचशे-साडेपाचशे ओहमच्या आसपास, पल्सर कॉइलीचा चाळीसच्या आसपास, आणि एचटी कॉइलीच्या दुय्यम वेटोळ्याचा पावणेतीनशेच्या आसपास असतो. प्राथमिक वेटोळ्याचा रोध एक दशांश ओहमइतका नगण्य असल्यामुळे साध्या मीटरवर त्यातून केवळ ‘तुटलेले नाही’ एवढेच कळते. आकडा अनंत आला तर कॉइल किंवा तिची वायर तुटलेली आहे. फारच कमी आला तर आतली वेटोळी एकमेकांना चिकटली आहेत. कॉइलीचे दोन्ही टोक अर्थपासून अलग असावेत की एक टोक मुद्दाम अर्थ केलेले आहे, हे मॅन्युअलमध्ये पाहूनच ठरवावे. फ्लायव्हीलखालून तपकिरी चिकट द्रव ओघळलेला दिसला, तर कॉइलींवरील राळ वितळू लागली आहे, आणि मीटरचा आकडा काहीही असो, ते बदलण्याचे लक्षण समजावे.

फ्लायव्हील काढायचेच असेल, तर नट सोडून पुलर त्याच्या मधल्या आट्यांच्या छिद्रांत बसवावा. कडेला पकडून ओढल्यास चाक वाकते, आणि हातोड्याने ठोकल्यास आतले चुंबक निखळतात. परत बसवताना शाफ्टचा निमुळता भाग आणि चाकाचे छिद्र दोन्ही कोरडे व तेलविरहित हवेत, चावी सरळ बसलेली हवी आणि नट मॅन्युअलमध्ये दिलेल्या टॉर्कनेच आवळावा.

पॉइंटची मोटर असेल तर

येथे काम सोपे आहे. कित्येक महिने न चाललेल्या मोटरीत पॉइंटच्या तोंडांवर न दिसणारा गंजाचा पातळ थर चढतो आणि तेवढ्यानेच ठिणगी बंद होते. कॉन्टॅक्ट क्लीनरमध्ये भिजवलेल्या जाडसर कागदाची पट्टी पॉइंट मिटलेले असताना त्यांच्यामधून ओढली, की थर निघतो. फाइलने घासण्याची गरज तोंडे खड्डे पडून खराब झाली असतील तरच. त्यानंतर कॅमचा सर्वांत उंच भाग पॉइंटखाली आणून फीलर गेजने अंतर तपासावे. अनेक जुन्या जॉन्सन-इव्हिनरूडमध्ये ते ०.०२० इंच, म्हणजे सुमारे अर्धा मिलिमीटर असते. गेजला तेल लागलेले नसावे, नाहीतर साफ केलेली तोंडे पुन्हा माखतील.

पॉइंट उघडताना त्यांच्यावरच मोठी ठिणगी उडत असेल आणि प्लगवर ती दुबळी असेल, तर कंडेन्सर बदलावा. तो महाग नसतो, आणि पॉइंट बदलताना त्याच्या जोडीने बदलून टाकलेला बरा. १९५० आणि १९६० च्या दशकांतल्या कॉइलींवरचे आवरण तडकलेले सापडते. त्या तड्यातून ओल आत जाते आणि वीज बाहेर, त्यामुळे अशी कॉइल मीटरवर ठीक दिसली तरी ठेवू नये. पॉइंटला येणारी वायर प्लेटला कुठे टेकत नाही ना, आणि फ्लायव्हीलच्या आतल्या भागाला घासत नाही ना, हे चाक बसवण्यापूर्वी शेवटचे पाहून घ्यावे.

गरम झाल्यावर बंद पडणारी मोटर

वीस मिनिटे चालून बंद पडणारी आणि गार झाल्यावर मुकाट सुरू होणारी मोटर घरी आणून तपासली की सर्व आकडे चोख येतात. कारण कॉइल गार असते. अशा मोटरीवर टेस्टर होडीतच न्यावा आणि ती बंद पडल्याबरोबर, गार होण्यापूर्वी, ठिणगी पाहावी. ठिणगी भक्कम असेल तर दोष इंधनाकडे आहे. टाकीच्या झाकणातला हवेचा स्क्रू बंद राहिला तरी लक्षणे हुबेहूब अशीच असतात. ठिणगी नसेल, तर घरी हेअर ड्रायरने एकेक भाग मध्यम गरम करून त्याचा रोध किंवा ठिणगी पुन्हा पाहावी. प्रथम चार्ज कॉइल, मग एचटी कॉइल, आणि त्यानंतर सीडीआय.

सीडीआयला दोषी ठरवण्यापूर्वी

सीडीआय ओहम मीटरने तपासता येतो असे सांगणारे बरेच असतात, पण आतल्या इलेक्ट्रॉनिक भागांमुळे त्या आकड्यांना फारसा अर्थ नसतो. त्याची खरी परीक्षा आत जाणाऱ्या आणि बाहेर पडणाऱ्या विद्युतदाबाची आहे. ही वीज क्षणिक झटक्यांच्या रूपात येत असल्यामुळे साधा मीटर तिची उंची दाखवू शकत नाही. त्यासाठी मीटरला जोडायचा पीक व्होल्टेज ॲडॉप्टर मिळतो. दोरी जोरात ओढल्यावर चार्ज कॉइलीकडून ढोबळमानाने दीडशे व्होल्टच्या वर आणि पल्सरकडून निदान अर्ध्या व्होल्टच्या आसपास दाब येत असेल, स्टॉपची वायर सोडलेली असेल, अर्थ साफ असेल, आणि तरीही सीडीआयमधून एचटी कॉइलीकडे काहीच बाहेर पडत नसेल, तर सीडीआय गेला असे म्हणता येते. एका बाजूची एचटी कॉइल आतून शॉर्ट झालेली असेल तर ती दुसरीलाही खाली ओढू शकते, म्हणून दोन्ही कॉइली आळीपाळीने सोडवून पाहाव्यात.

शेजाऱ्याच्या त्याच मॉडेलच्या मोटरीवरचा सीडीआय उसना लावून पाहण्याची पद्धत आपल्याकडे रूढ आहे आणि ती वाईट नाही, परंतु ती सर्व चाचण्यांनंतर वापरावी. स्टॉपच्या वायरीवर कुठून तरी १२ व्होल्ट येत असतील, तर शेजाऱ्याचाही सीडीआय जाईल आणि शेजारही.

वायर बदलताना

नवी वायर कल्हई केलेल्या तांब्याच्या बारीक तारांची असावी. घरगुती वायरिंगची किंवा मोटारसायकलची साधी वायर स्वस्त पडते, पण खाऱ्या हवेत ती वर्ष-दोन वर्षांत काळी पडते. जोड पिळून त्यावर काळी टेप गुंडाळणे हा तात्पुरता इलाज समजावा. त्या टेपखाली पाणी साचून राहते. योग्य मापाचे टर्मिनल क्रिम्प करून त्यावर आतून गोंद असलेली हीट श्रिंक (उष्णतेने आकसणारी) नळी चढवावी. फिरणाऱ्या प्लेटच्या वायरींना पूर्ण थ्रॉटलपर्यंत पुरेल एवढी ढील ठेवावी, पण ती फ्लायव्हीलच्या कडेला पोचेल इतकी नसावी. प्रत्येक क्लिप आणि रबरी बुश जेथे होते तेथेच परत बसवावे.

प्लग मॅन्युअलमध्ये दिलेल्या क्रमांकाचाच घ्यावा. एनजीके प्लगच्या क्रमांकातील ‘आर’ हे अक्षर आतला रेझिस्टर दर्शवते, आणि बी७एचएस-१० यासारख्या क्रमांकातील शेवटचे १० हे एक मिलिमीटर फट दर्शवतात. दुकानदाराने ‘सेमच आहे’ म्हणून दिलेला, शेवटचा आकडा नसलेला प्लग वेगळ्या फटीचा असतो. एचटी लीड आणि कॅप यांची गळती दिवसा दिसत नाही. मोटर गोड्या पाण्याच्या पिंपात चालवून, अंधारात तिच्याकडे पाहिले की तडकलेल्या कॅपपासून धातूकडे झेपावणारी निळसर रेघ स्पष्ट दिसते. पाण्याशिवाय मोटर चालवू नये, कारण पंपाचा रबरी इंपेलर कोरडा फिरून लगेच फाटतो.

पिंपात मोटर सुरू झाल्यावर थ्रॉटलला हात लावण्याआधी बटण दाबून ती बंद होते का पाहावे, पुन्हा सुरू करून क्लिप ओढून पाहावी, आणि दोन्ही प्रकारे ती तत्काळ थांबत असेल तरच होडीवर चढवावी. मोटर चांगली चालत असतानाच चार्ज, पल्सर आणि एचटी कॉइलींचे रोध मोजून, वायरींच्या रंगांसह एका कागदावर लिहावेत आणि तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून मॅन्युअलबरोबर ठेवावा. पुढच्या बंदीनंतर मोटर हटून बसली, तर तुलनेसाठी तिचेच आकडे हाताशी असतील.